दाराआडचा पाट

आमच्या भाताच्या खोलीच्या दाराआड एक पाट होता. फणसाच्या लाकडाचा, जड, एका कोपऱ्याला काळा जळका डाग असलेला. तो आमचा नव्हता, समोरच्या घरचा होता. दर चतुर्थीच्या आधी मी तो ओल्या फडक्याने पुसायची आणि परत भिंतीला टेकवून ठेवायची. आता तो तिथे नाही. खोलीला धूर लागतो, पण पाट होता तेवढी जागा भिंतीवर पांढरी राहिली आहे. भात काढायला गेले की नजर तिकडेच जाते.

आमचे हे, म्हणजे माझे यजमान, गणपती करायचे. यांचे वडीलही तेच करायचे. घराला लागून पत्र्याची लांब पडवी आहे, तीच आमची गणपतीची शाळा. कोरगावात आमच्या वाड्यावर कोणी गणपती विकत घेत नाही. आषाढात बरा दिवस बघून घरचा कर्ता माणूस आपल्या घरचा पाट डोक्यावर घेऊन शाळेत येतो. पाटावर शेंडीचा नारळ असतो. तो आम्ही ठेवून घेतो आणि त्याच पाटावर त्या घरचा गणपती उभा राहतो. चतुर्थीला तो त्याच माणसाच्या डोक्यावरून घरी जातो. पाट रिकामा येतो आणि भरून जातो. रिकामा पाट शाळेतून घरी गेला तर त्या घरातलं माणूस जातं, असं आमच्याकडे मानतात. म्हणून एखाद्या घरात मयत झालं आणि त्या वर्षी त्यांना गणपती करायचा नसला, तर त्यांचा पाट कोणी न्यायला येत नाही आणि आम्हीही पोचवत नाही. तो शाळेतच थांबतो. पुढच्या वर्षी त्याच्यावर मूर्ती होते, मगच तो घरी जातो. नारळाचंही तसंच. शुभाला शेंडीचा आणि मयताच्या कामाला शेंडी काढलेला. हे आमच्या वाड्यात लहान पोरांनाही ठाऊक असतं.

मी माहेरची कारापूरची. चौथी झाल्यावर शाळा सुटली. लग्न होऊन इथे आले तेव्हा मला कोणाशी बोलता यायचं नाही. म्हणजे बोलता यायचं, पण शब्द ओठापर्यंत येऊन परत जायचे. घरात सासू नव्हती. समोरच्या घरातल्या वयनीने मला हाताशी धरलं. काजूच्या दिवसांत बोंडू गोळा करायला ती मला घेऊन जायची. बी पिळून कशी काढायची, भाजताना तोंड कुठे फिरवायचं, हाताला चीक लागला तर काय चोळायचं, सगळं तिने शिकवलं. दुकानात गेलो की तीच माझ्या वतीने बोलायची.

"हिका साखर जाय. आनी चाय पावडर. आनी ही म्हणता, गेल्या वेळची मिरची तिखटच नाशिल्ली."

मी काहीच म्हटलेलं नसायचं. दुकानदार माझ्याकडे बघून म्हणायचा, "ही एवढी बोलता? माका कसा आयकूंक येना?" आणि वयनी हसायची.

तिच्या यजमानांना मी भावोजी म्हणायची. ते यांच्याहून मोठे. श्रावण लागला की भावोजी दुपारचे शाळेत येऊन बसायचे. यांच्या हातात माती असायची आणि भावोजींच्या तोंडात पान. काम यांचं आणि बोलणं त्यांचं.

"रे, गेल्या वर्षी माज्या गणपतीक पोटच करूंक ना तू. माजी बायल पाच दीस नेवऱ्यो चारीत रवली, तरी तो किरकोळचो किरकोळ."

"तुज्या घरात रावन कोण मोटो जातलो?"

"मी जालंय न्हय?" असं म्हणून भावोजी पोटावरून हात फिरवायचे.

मी आत पोहे भिजवताना हे ऐकायची आणि एकटीच हसायची.

त्या वर्षी पाऊस मध्येच थांबला होता. आमच्या आणि त्यांच्या शेताच्या मध्ये एकच मेर, म्हणजे बांध, आहे. त्यांच्या शेतातलं पाणी आमच्याकडे उतरलं. भावोजी म्हणत होते, यांनी मेर फोडली. हे म्हणत होते, खेकड्याने पोखरली. दोघंही थोडे प्यालेले होते. हे माती कुटत होते, हातात लाकडाचं दांडकं होतं. आधी आवाज चढले, मग भावोजींनी यांच्या वडिलांवरून काहीतरी म्हटलं. पुढचं मी दारातून बघितलं. एकच घाव. भावोजी मागच्या मागे चिऱ्याच्या पायरीवर पडले. यांनीच त्यांना उचललं, यांनीच रस्त्यावर पळत जाऊन गाडी थांबवली, आणि यांच्याच मांडीवर डोकं ठेवून त्यांना म्हापशाला नेलं. ते परत आले नाहीत. हेही त्या दिवशी परत आले नाहीत. पोलिसांनी तिथूनच नेलं. दांडकंही नंतर येऊन घेऊन गेले.

पुढच्या आठवड्यात मी मेरेवर गेले होते. पाण्याच्या कडेला मूठ जाईल एवढं खेकड्याचं बीळ होतं. मी त्यात चिखल भरला आणि घरी आले. आता ते कोणाला सांगून काय होणार होतं.

शाळेत तेव्हा ओळीने गणपती उभे होते. काहींना पांढरा हात दिलेला, काहींना सोवळ्याचा पिवळा रंग लागलेला. डोळे कोणालाच नव्हते. डोळे हे सगळ्यात शेवटी, चतुर्थीच्या आदल्या दोन दिवसांत लिहायचे. लोक आपापले गणपती न्यायला आले. दुसऱ्या गावच्या शाळेत नेऊन पुरे करून घेणार होते. मला कोणी वाईट बोललं नाही. खरं म्हणजे कोणी काहीच बोललं नाही. एक म्हातारे तेवढे दारात थांबून म्हणाले, "बाय, आमचो खंयचो तो दाखय." मी बोट दाखवलं. कोणी डोक्यावर घेतला, कोणी टेंपोत भाताचा पेंढा घालून त्यावर ठेवला. अंगणातून ते गणपती एकामागून एक जात होते, चेहरे कोरे, आणि मी खांबाआड उभी होते. तेवढं रडू यावं असं माझ्या आयुष्यात दुसरं काही झालेलं नाही, आणि तेव्हा ते आलं नाही.

एक राहिला. वयनीच्या घरचा. ते सुतकात होते.

तो अर्धाच झाला होता. दोन हात, सोंडेची सुरुवात, आणि पोट. त्या वर्षी यांनी पोट मोठं केलं होतं. वरचं पोतं ओलं ठेवायचं मी विसरले नव्हते, पण ते भिजवायला हात होईना, म्हणून माती तडकली. चतुर्थीचे पाच दिवस झाले, लोकांचे गणपती पोचले, आणि मग एका संध्याकाळी मी तो पाट डोक्यावर घेऊन व्हाळावर गेले. बायका गणपती पोचवायला नेत नाहीत. पण दुसरं कोण होतं? ना घुमट वाजलं, ना आरती झाली. पाण्यात उभी राहून मी हाताने माती सोडवली. ती लगेच विरघळेना, पोटाकडची जाड होती. विसर्जन झाल्यावर पाटावर मूठभर रेती घेऊन घरी यायचं असतं, घरात चारी कोपऱ्यांत टाकतात. मी सवयीने रेती घेतली. घरी आल्यावर कळेना, ती टाकायची कुठे. आमच्या घरात की त्यांच्या? शेवटी तुळशीत टाकली.

पाट धुतला आणि दाराआड ठेवला.

तुरुंगात पहिल्या भेटीला गेले तेव्हा मध्ये जाळी होती. हे बारीक झाले होते. मी काय खाल्लं, कशी आले, काही विचारलं नाही. म्हणाले, "त्यांचो पाट खंय आसा?"

"दाराआड."

"तो हलय नाका. मी येतंय मगे करतंय तेंचो."

खटला चालला, शिक्षा झाली, वर्षं गेली. प्रत्येक भेटीत ते एकदा तरी पाटाचं विचारायचे. मी काजूच्या कारखान्यात बिया सोलायला जाऊ लागले होते. तिथे बोलावं लागत नाही, हात चालले की पुरे. वयनी आणि मी एका वाड्यात राहायचो, एकाच नळावर पाणी भरायचो, पण ती यायची तेव्हा मी घागर घेऊन परत फिरायची. तिने मला कधी फिर म्हटलं नाही. तिने मला काहीच म्हटलं नाही. तिचा झील, म्हणजे मुलगा, मोठा झाला, टिपर ट्रकवर कामाला लागला. वर्षाने त्यांनी नवा पाट करून घेतला आणि दुसऱ्या गावच्या शाळेत दिला, हे मी नळावर ऐकलं.

तुरुंगाच्या फाटकाबाहेर एक बाई भेटायच्या. म्हापशाच्या, निवृत्त शिक्षिका, एका संस्थेचं काम करायच्या. आत कैद्यांना शिकवायच्या आणि बाहेर आम्हां घरच्यांना महिन्यातून एकदा एका खोलीत बोलवायच्या. मी दाराजवळच्या खुर्चीवर बसायची, म्हणजे उठून जायला बरं. तिथे प्रत्येक जण आपलं सांगायचा. कोणाचा मुलगा आत, कोणाचा भाऊ. पहिल्यांदा माझी पाळी आली तेव्हा माझ्या तोंडून आवाजच निघाला नाही. बाई म्हणाल्या, "बोलता येत नसेल तर लिहा. मला एकटीला दाखवा."

मी चौथीनंतर सहीशिवाय काही लिहिलं नव्हतं. खूप वेळ घेतला. मग एवढंच लिहिलं, 'त्यांचा पाट आमच्या घरात आहे.'

बाईंनी वाचलं आणि विचारलं, "कसला पाट?" त्यांना कळलं नाही. पण माझ्या बाजूला एक डिचोलीकडची बाई बसली होती, तिचा भाऊ आत होता. तिने कागदावर डोकावून बघितलं आणि हळूच म्हणाली, "आगे बाय." आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात तिने बराच वेळ काढला नाही. कितीतरी महिन्यांत मला कोणी हात लावला नव्हता.

तेव्हापासून मी लिहिते. बोलायचं राहून जातं ते लिहिते. बाईंनी माझी जोडाक्षरं सुधारली.

हे सातवीत शाळा सोडलेले. आत बाईंनी यांना दहावीला बसवलं. एका भेटीत जाळीपलीकडून हे लहान पोरासारखे हसत आले. "गे, मी धावी पास जालंय. गणितात सुद्धां." मी पण हसले. म्हापशाला उतरून पेढे घेतले. बस कोरगावात येईपर्यंत माझ्या लक्षात नव्हतं की ते वाटायला कोणी नाही. ज्या एका माणसाला मी धावत जाऊन सांगितलं असतं, ती समोरच्या घरात होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पदेर सायकलवरून पाव घेऊन आला तेव्हा पुडा त्याला दिला. त्याने विचारलं, "कसले गे?" मी म्हटलं, "पास जाले." कोण ते त्याने विचारलं नाही. पेढे घेतले आणि एक उंडो पाव जास्त दिला.

आतमध्ये चतुर्थीला गणपती बसायचा. तो हे करायचे. पाट नसायचा, साध्या फळीवर. पण डोळे हे लिहीत नसत. दुसऱ्या कोणाकडून लिहून घ्यायचे. का, असं मी विचारलं नाही. बाईंनी विचारलं होतं, तेव्हा हे म्हणाले होते, "पयले डोळे त्यांच्या गणपतीचे लिहीन, मगे दुसऱ्यांचे."

सात वर्षांनी हे सुटून आले. वाड्याने आम्हाला वाळीत टाकलं नाही, हे मी लिहायलाच हवं. दुकानदाराने यांना सामान दिलं, फक्त बघितलं तराजूकडे. देवळात गेले तर पुजाऱ्याने तीर्थ दिलं. शिमग्याला मेळ आमच्या अंगणातही येऊन गेला, पण कोणी यांना ढोल घे म्हणालं नाही, पूर्वी ढोल यांचाच असायचा. पदेर तेवढा सायकल थांबवून म्हणाला, "कितें, बरो मरे?" यांनी त्याच्याकडून लागणार होते त्याहून दुप्पट पाव घेतले.

आषाढ आला. हे शाळा झाडून बसले. दारासमोरून पाट जात होते. डोक्यावर पाट, पाटावर नारळ, आणि माणूस खाली बघून चाललेला. सगळे पुढच्या गावी. हे रोज सकाळी आंघोळ करून, कपाळाला गंध लावून पडवीत बसायचे. दुपारी आत येऊन जेवायचे.

तेव्हा संस्थेच्या बाई आमच्याकडे आल्या. सोप्यावर बसून चहा घेतला. म्हणाल्या, "तुम्ही असे वाट बघत बसू नका. मूर्ती करा, म्हापशाच्या बाजारात आपण स्टॉल लावू. लोक घेतील."

"ते लोक विकत घेतात, बाई," हे म्हणाले. "हांगाचे लोक पाट हाडटात. हाडूंक जाय. मागूंक जायना."

"आणि तो दाराआडचा पाट? तो मी नेऊन देते त्यांच्याकडे. मी बाहेरची, मला काय."

हे एकदम उठून उभे राहिले. यांचा आवाज कधी चढत नाही आता, तेव्हाही चढला नाही. "रितो पाट त्या घरात वचपाचो ना. एक मनीस माज्या हातान गेला. आनीक एक गेलो जाल्यार?"

बाईंनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, "मग मूर्ती करून द्या. त्याच पाटावर."

मला त्या क्षणी बोलायचं होतं. त्यांच्या घरी आता नवा पाट आहे, नवा गणपती येतो, एका घरात दोन गणपती कसे येतील. आणि यांच्या हातचा कसा येईल. पण शब्द ओठाकडून परत गेले. यांच्या चेहऱ्यावर कितीतरी वर्षांनी काहीतरी हललं होतं. रात्री जेवताना हे म्हणाले, "एकच करतंय. त्या पाटार. त्यांनी घेतलो तर घेतलो. मगे माका कायेक नाका."

दुसऱ्या दिवशी हे शेतातून चिकण माती घेऊन आले. पाट मी पुसून पडवीत ठेवला. माती कुटायला दांडकं नव्हतं, यांनी नवीन केलं. आणि दुपारी कुटायला बसले.

मी आत होते. तो आवाज मी सात वर्षांत ऐकला नव्हता. धप्, थोडं थांबून, धप्. तीच दुपारची वेळ, तोच पत्रा, तेच अंगण. तिसऱ्या घावाला मला समजलं की हा आवाज आम्हा दोघांपुरता नाही. मी खिडकीशी गेले. समोरच्या घराची खिडकी उघडी होती, वयनी तिथे तांदूळ निवडत होती. तिचा हात सुपात तसाच राहिला होता. मग ती उठली आणि खिडकी लावून घेतली.

यांना दिसलं नाही. यांची पाठ होती. हे गुणगुणत होते.

चार-पाच दिवस हे दुपारी माती कुटत होते आणि चार-पाच दिवस ती खिडकी दुपारी बंद होत होती. मी यांना सांगू शकले नाही. यांचं गुणगुणणं मी विसरूनच गेले होते.

मग एका दुपारी वयनी आली.

ती अंगणात उभी राहिली, पायरीखाली. त्याच पायरीखाली. हातात कापडी पिशवी होती. केस पिकले होते. नळावर मी तिला लांबून बघायची, जवळून इतकी वर्षं बघितलं नव्हतं. हे आत, माती कालवायच्या जागी होते. आवाज थांबला.

"आसंस गे?" ती म्हणाली.

मी दारात आले. नजर वर होईना.

"माजो पाट तुज्याकडे आसा."

मी मान हलवली.

"हाड."

मी पडवीत जाऊन पाट आणला. हे तिथेच भिंतीला पाठ लावून उभे होते, हात कोपरापर्यंत मातीने भरलेले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. पाट आणून पायरीवर ठेवला. वयनी खाली बसली आणि त्या काळ्या डागावरून बोट फिरवलं.

"समयेची वात पडली ती. पयल्या वर्साक. तेंनी माका मरणाच्या गाळी दिल्ल्यो." तिने बोट पदराला पुसलं. "पुसून दवरला तू."

ती पाटावर हात ठेवून बसली.

"तो आवाज माका सोसना गे. दनपारां आडवी पडतंय आनी तो सुरू जाता. माका दिसता, आतां कोण पडतलो."

"बंद करतंय," मी म्हटलं. सात वर्षांनी तिच्याशी बोललेला माझा पहिला शब्द. आणि मग, ती पाट उचलायला वाकली तेव्हा, कसं काय कोण जाणे, दुसराही निघाला. "वयनी, पाट रितो…"

"रितो कित्याक व्हरतंय? मी पिशी जालंय काय?"

तिने पिशवीतून पंच्यात गुंडाळलेला नारळ काढला आणि पाटावर ठेवला. पंचा काढला नाही. पाटावरून घसरू नये म्हणून त्याच्या बाजूने पिशवी दाबली. तिच्या घरचा नारळ, तिच्या झाडाचा. पाट भरला.

"गणपती हाच्यार येवचो ना. झिलान नवो केला. हो मी देवाच्या खोलयेत दवरतंय. तेंच्या बापाशीचो पाट तो. तुमच्याकडे कित्याक."

शेवटचं वाक्य तिने जरा मोठ्याने म्हटलं. ते आतल्यांना होतं.

मी पाट उचलून तिच्या डोक्यावर द्यायला हात लावला. त्यामुळे आमचे चेहरे जवळ आले आणि मला वर बघावं लागलं. तिने माझ्याकडे बघितलं. अगदी पूर्वीसारखं, दुकानात माझ्या वतीने बोलायच्या आधी बघायची तसं.

"तू कितली बारीक जालंस गे," ती म्हणाली.

आणि पाट घेऊन अंगणातून गेली. समोरच्या दारात तिचा झील उभा होता, त्याने पाट उतरवून घेतला. दार लागलं.

मी आत आले. हे तसेच उभे होते. हातावरची माती सुकून पांढरी पडायला लागली होती. मला वाटलं, हे रडतील, किंवा दांडकं फेकतील. यांनी फक्त विचारलं, "नारळ कसलो आशिल्लो?"

"त्यांच्या माडाचो."

"तसा न्हय. शेंडी आशिल्ली?"

मी यांच्याकडे बघितलं. यांचे डोळे माझ्या तोंडावर होते, जसे जाळीपलीकडून असायचे. शेंडी असती तर तिने पाट शुभाने नेला, म्हणजे यांच्यावरचं सगळं उतरलं नाही तरी थोडं उतरलं. शेंडी नसती तर मयताचा नारळ, तिने आपल्या माणसाचंच काहीतरी आमच्या पायरीवरून उचलून नेलं. नारळ पंच्यात होता. मी बघितला नव्हता.

"आशिल्ली," मी म्हटलं.

यांनी मान हलवली. बादलीत हात धुतले, चांगले, कोपरापर्यंत, नखांतली माती काढून. दांडकं उभं करून कोपऱ्यात ठेवलं. मातीवर ओलं पोतं घातलं. दुसऱ्या दिवशी ते पोतं पुन्हा भिजवलं नाही. माती तडकली, आणि काही दिवसांनी मी ती फोडून केळीच्या बुंध्याला घातली.

त्या वर्षी शाळेत एकही गणपती झाला नाही. बाईंनी यांना म्हापशाच्या खोलीत बोलावून घेतलं. तुरुंगातून सुटून आलेल्यांना लिहायवाचायला शिकवायचं काम आहे. हे सकाळच्या बसने जातात आणि संध्याकाळच्या बसने येतात. एक माणूस पन्नाशीचा आहे, त्याला आपलं नाव लिहायला यांनी शिकवलं, ते मला दोनदा सांगितलं. मातीचं यांनी पुन्हा काढलं नाही. बाईंनी एकदा विचारलं होतं, वर्गात मातीकामही शिकवाल का. हे म्हणाले, "ते हात आतां ना बाई."

चतुर्थीला समोरच्या घरात घुमटं वाजत होती. आरतीचे आवाज आमच्या सोप्यापर्यंत स्पष्ट येत होते. आमचा गणपती मोठ्या दिरांकडे मूळ घरी असतो, आम्ही सकाळी जाऊन पाया पडून आलो होतो. हे खांबाला टेकून बसले होते. आरती संपली तेव्हा म्हणाले, "शेंडी आशिल्ली मगे."

"हो," मी म्हटलं.

आजही हे कधीतरी विचारतात. वेगळ्या शब्दांत विचारतात, पण तेच विचारतात. मी हो म्हणते. नळावर वयनी आली की मी घागर घेऊन परत फिरते, ती पण फिर म्हणत नाही, थांब म्हणत नाही. तिला विचारण्यासारखं एकच आहे, आणि मला जेवढी वर्षं ते ओठापर्यंत आणता येणार नाही, तेवढी वर्षं माझ्या घरात हो हेच उत्तर राहील.